एकोणीसपैकी सतरा

"तुमच्या शाळेतली सगळी मुलं हुशार आहेत मॅडम. मग तुम्हाला अतिथी शिक्षक कशाला पाहिजे?"

बीईओ साहेबांनी असं विचारलं आणि एक प्रिंटआउट माझ्यासमोर सरकवला. बीईओ म्हणजे तालुक्याचे शिक्षणाधिकारी. कलघटगीच्या त्या ऑफिसात पंखा होता, पण करंट नव्हता. साहेब कन्नडमध्ये बोलत होते, मी ते इथं मराठीत लिहितेय. चिडून विचारत नव्हते. उलट त्यांच्या बोलण्यात थोडं कौतुकच होतं. प्रिंटआउटवर शाळेच्या नावापुढं छापलं होतं: सहावी-सातवी, भागाकार येणारी मुलं, एकोणीसपैकी सतरा.

खाली माझी सही होती. त्यामुळे मला बोलायला जागाच राहिली नाही.

मी मूळची शिक्षिका. त्या वर्षांत सीआरपी होते. दहा-बारा सरकारी शाळांचा एक गट असतो, त्याला क्लस्टर म्हणतात, आणि त्या गटावर लक्ष ठेवायला एका शिक्षकाला नेमतात, तो सीआरपी. अधिकार काही नाही, जबाबदारी सगळी. हेडमास्तरांना वाटतं ही ऑफिसची माणूस, ऑफिसला वाटतं ही शाळांची माणूस. मधल्या जावेसारखं. कुणाचंही बिनसलं की बोलणी हिलाच. मी राहायला हुबळीत, कमरीपेठेत. रोज सकाळची बस धरून कलघटगी, आणि तिथून पुढं जे मिळेल ते.

ज्या शाळेची ही गोष्ट, ते गाव कलघटगीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. अर्ध्या घरांत मराठी, अर्ध्यांत कन्नड, आणि पोरं दोन्ही भाषांत भांडतात. पहिली ते सातवी शाळा. मंजूर शिक्षक चार, हजर दोन. एक हेडमास्तर घोरपडे सर, आणि एक बाई ज्या पहिली ते तिसरी एकाच खोलीत बसवून शिकवायच्या. गणिताचे शिक्षक बदली होऊन गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. घोरपडे सर चौथी ते सातवी बघायचे. म्हणजे कागदावर बघायचे. प्रत्यक्षात ते दुपारच्या जेवणाचे तांदूळ मोजायचे, हिशेबाला अंड्यांची टरफलं मोजायचे, बूट-मोज्यांची यादी करायचे आणि मोबाइलला रेंज येते त्या चिंचेखाली उभं राहून ऑनलाइन एन्ट्री करायचे. शाळेला वर्षाची जी ग्रँट यायची ती खडू, झाडू आणि लाइट बिलातच संपायची. त्यातून शिक्षक आणणं शक्यच नव्हतं.

रिकाम्या जागांवर सरकार वर्षापुरते अतिथी शिक्षक देतं. मानधन थोडं, तेही उशिरा, पण माणूस मिळतो. त्या वर्षी जागा पुष्कळ आणि अतिथी शिक्षक थोडे, अशी गत होती. म्हणून तालुक्यात ठरलं, वर्षाच्या सुरुवातीच्या टेस्टमध्ये ज्या शाळा मागं, त्यांना आधी. ठरवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. ताप ज्याला जास्त, त्याला औषध आधी.

"साहेब, तिथं गणिताला माणूसच नाही," मी म्हणाले.

"माणूस नसताना सतरा जणांना भागाकार येतो. मग माणूस आल्यावर काय करणार?" साहेब हसले. मग फाइल ओढून म्हणाले, "खरं सांगू? दोन शिक्षकांवर सात वर्ग चालवणं मला मान्य नाही. सहावी-सातवीची मुलं शेजारच्या गावच्या शाळेत पाठवू. चार किलोमीटर तर आहे."

चार किलोमीटर साहेबांच्या जीपला काही नाही. पण तो रस्ता मी चाललेली आहे. मधला दीड किलोमीटर नुसती झाडी. बस नाही. सातवीत सात मुली होत्या. त्या रस्त्यानं त्यांना कुणीही पाठवणार नव्हतं. सातवी सुटली की आठवी सुटली, आणि मग आपण लग्नाची पत्रिका घ्यायला जायचं. हे मला नव्यानं कळलं नव्हतं, वीस-बावीस वर्षं बघत आले होते.

आता सतरा हा आकडा कुठून आला ते सांगते. सांगताना अजूनही कानशिलं तापतात.

टेस्ट शाळेतच होते. पेपर शिक्षक देतात, शिक्षकच तपासतात आणि शिक्षकच ॲपमध्ये आकडे भरतात. आदल्या वर्षी माझ्या क्लस्टरचे आकडे खरे गेले होते, म्हणजे वाईट गेले होते. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये मला उभं करून विचारलं, "तुम्ही क्लस्टरमध्ये काय करता? फक्त फिरता?" शंभर माणसांसमोर. मी परत आले आणि आमच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये अकरा हेडमास्तरांना सांगितलं, "या वर्षी आकडे नीट द्या. मला पुन्हा तिथं उभं करू नका."

मी "खोटे द्या" म्हणाले नव्हते. पण अकरा शहाण्या माणसांना माझ्या बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. आणि आमच्याकडं पाहुण्यासमोर घरची उणी बाजू झाकायची जुनी सवय. साहेब आले की फाटक्या चटया कपाटात जातात, आणि हुशार पोरं पहिल्या बाकावर येतात. मी शिक्षिका असताना हेच केलंय. टेस्ट ही अशीच एक पाहुणी, असं सगळ्यांनी धरलं.

त्यातच या आकड्यावर ग्रेड मिळाली म्हणून शाळेच्या गावानं वर्गणी काढून फाटकावर ऑइल पेंटनं बोर्ड रंगवून घेतला होता, 'ए ग्रेड शाळा'. अक्षरं छान होती.

ऑफिसातून निघाले ती थेट शाळेत गेले. घोरपडे सर वऱ्हांड्यात तांदळाचं पोतं शिवत होते. सर मूळचे हुबळीचेच, कोप्पीकर रोडवर त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान. स्वभावानं सरळ, पण भित्रे. रिटायरमेंटला अकरा महिने राहिलेले.

मी सगळं सांगितलं. ते सुई तशीच धरून ऐकत राहिले.

"मग आता काय करायचं म्हणतासा?"

"पुन्हा टेस्ट घेऊ. खरी. आणि साहेबांना खरा आकडा देऊ."

"आणि पहिला आकडा कुठला होता म्हणून विचारलं तर?"

मी पोत्याची दुसरी कड धरली.

"मॅडम, पेन्शनच्या कागदाबरोबर 'चौकशी बाकी नाही' असा दाखला लागतो. छत्तीस वर्षं सर्व्हिस केली. एका टेस्टपायी चौकशी लावून घेऊ काय? आणि तुम्हीच म्हणालासा की हो, आकडे नीट द्या म्हणून."

हे ते मोठ्यानं बोलले नाहीत. पोत्याकडं बघून बोलले. मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता, हे मला लगेच कळलंही. खरं बोलणाऱ्यावर राग काढायला मला फार आवडलं असतं त्या दिवशी.

"निदान मुलांना काय येतं ते बघू तरी देता का?" मी विचारलं.

"बघा की. शाळा तुमचीच हाय."

सहावी-सातवी एकाच खोलीत बसायची. मी फळ्यावर दहा भागाकार लिहिले. साधे. पहिलाच होता नऊशे छत्तीस भागिले बारा. कोरे कागद वाटले आणि सांगितलं, आपापलं करायचं, शेजारच्याचं बघायचं नाही. मुलं शहाण्यासारखी बसली. पेन्सिलींना टोकं केली, नावं लिहिली, समासाच्या रेघा ओढल्या. मग सगळ्यांनी हाताची घडी घातली आणि माझ्याकडं बघत बसली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मला वाटलं, घाबरलीत.

"करा ना," मी म्हणाले.

सातवीतली रेणुका उभी राहिली. दोन वेण्या, आवाज खणखणीत. आमच्या भागात बाईंना अक्कोरू म्हणतात. ती म्हणाली, "अक्कोरू, उत्तरं फळ्यावर कधी लिहिता?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. टेस्ट म्हणजे काय असतं ते तिला ठाऊक होतं, तेच ती विचारत होती. आधी बाई किंवा सर गणितं लिहितात, मग उत्तरं लिहितात, मग आपण उतरवायची, अक्षर चांगलं काढायचं. पोरगी नियमानं चालली होती. मी खुर्चीत बसले. दारात घोरपडे सर उभे होते, ते वळून निघून गेले.

मग मी मुलांना सांगितलं की आज उत्तरं लिहिणार नाही, येईल तेवढं करा, नाही आलं तर कुणी रागावणार नाही. अर्ध्या तासानं कागद गोळा केले. एकोणीस मुलांत भागाकार येत होता तिघांना. रेणुकाला येत नव्हता. तिचं अक्षर मात्र फार सुरेख होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक बोलावली. सरकारी शाळेत पालकांची समिती असते, एसडीएमसी म्हणतात. तिनं ठराव केल्याशिवाय पुन्हा टेस्टचा अर्ज पुढं जात नाही. अध्यक्ष होते परशुरामअण्णा. वय पन्नासच्या पुढं, मिशा भरघोस, गावात शब्दाला वजन. बोर्डाच्या वर्गणीत सगळ्यात मोठा हात त्यांचाच. समितीतले बाकीचे नऊ जण ते बोलतील त्याला मान हलवायचे.

मी सरळ सांगितलं. सतरा खोटं, तीन खरं.

सगळ्यांनी आधी अण्णांकडं बघितलं. मग अण्णा म्हणाले, "मग आता बोर्ड उतरवायचा म्हणता काय?"

"बोर्डाचं राहू दे अण्णा."

"राहू दे कसं? पलीकडच्या गावची माणसं येता-जाता वाचतात. उद्या तेच हसतील. गावाची अब्रू हाय का नाही? आणि तुम्ही लोक कसले हो? परवा ए म्हणालासा, आज नापास म्हणतासा. पोरं तीच, मास्तर तेच."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी तसं कबूलही केलं. त्यानं ते आणखीच चिडले. भांडायला आलेल्या माणसाला कबुली दिली की त्याची पंचाईत होते.

"कसला पेपर घातला होता असा? बघू."

मी एका मुलाचा गणितं उतरवलेला कागद दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला. पहिलं गणित बघितलं. मग शेजारच्याकडचं पेन घेतलं आणि कागदाच्या मागं लिहायला लागले. ओठ हलत होते. बारा साती चौऱ्याऐंशी. खाली वजाबाकी. वरचा सहा खाली उतरवला. बारा आठे शहाण्णव. अठ्ठ्याहत्तर. बाकी शून्य आली तशी त्यांनी खाली दुहेरी रेघ मारली, जुन्या माणसांसारखी.

"मी ह्याच शाळेत शिकलोय. सातवीपर्यंत," ते म्हणाले. "पुढं नाही शिकलो. पन्नास वर्षांचा गडी, मला येतंय. माझ्या नातवाला का येत नाही?"

नातू सहावीत होता. तिघांत नव्हता.

"शिकवायला कुणी नाही म्हणून," मी म्हणाले. "आणि कुणी नाही हे आम्ही वर कळू दिलं नाही म्हणून."

अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ठराव लिवा," ते घोरपडे सरांना म्हणाले. सरांनी लिहिला. पहिली सही अण्णांची, आणि पाठोपाठ नऊ. बोर्डाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

ठराव घेऊन मी बीईओ साहेबांकडं गेले. त्यांनी वाचला, डोळे चोळले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, मला अडचणीत आणताय."

"आधीच आहोत साहेब."

"एक काम करा. 'टेक्निकल एररमुळे आकडे चुकीचे नोंदले गेले' असं लिहून द्या. नेटवर्क नसतंच तिकडं. मी त्या एका शाळेचा आकडा बदलून घेतो. शिक्षक देतो. कुणाला त्रास नाही."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. एका वाक्यात सगळं मिटत होतं. घोरपडे सरांची पेन्शन वाचत होती, माझी अब्रू वाचत होती, मुलींना शिक्षक मिळत होता. पेन हातात होतं. मग मला उरलेल्या दहा शाळा आठवल्या. तिथंही फळ्यावर उत्तरं लिहिली गेली होती आणि सांगितलं होतं मीच.

"साहेब, मशीननं उत्तरं लिहिली नाहीत," मी म्हणाले.

मी त्यांच्यासमोरच अर्ज लिहिला. क्लस्टरच्या मीटिंगमध्ये मी चांगले आकडे देण्याबद्दल बोलले, त्याचा परिणाम म्हणून अकराही शाळांचे आकडे विश्वासार्ह नाहीत, हेडमास्तरांनी माझ्या सांगण्यावरून केलं, सगळ्या शाळांची टेस्ट पुन्हा घ्यावी. चार ओळी. सही केली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"हे असं लिहायचं नसतं," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

"ठेवून जा."

पुढच्या पंधरा दिवसांत अकराही शाळांत दुसऱ्या क्लस्टरचे लोक जाऊन टेस्ट घेऊन आले. माझ्याशी अकरापैकी सात हेडमास्तर बोलेनासे झाले. एकानं मीटिंगमध्ये मला ऐकू जाईल असं म्हटलं, "स्वतःच चुलीत पाणी ओतलं आणि आता धुराबद्दल बोलतेय." मी चहा पीत राहिले, दुसरं काय करणार होते? मला जिल्ह्यातून लेखी ताकीद आली. सर्व्हिस बुकमध्ये ती अजून आहे. घोरपडे सरांना काही आलं नाही.

आणि निकाल लागला तेव्हा आमची शाळा सगळ्यात मागं निघाली नाही. खालून दुसरी निघाली. सगळ्यात मागं होती डोंगराकडची एक शाळा, जिथं भागाकार एकालाही येत नव्हता. तिचा जुना आकडा होता शंभर टक्के.

क्लस्टरला अतिथी शिक्षक मिळाला एकच.

त्या रात्री नवऱ्यानं विचारलं, "मग काय मिळवलंस?" मी पोळ्या लाटत होते. लाटणं आपटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी साहेबांकडं जाऊन म्हणाले, एक माणूस दोन शाळांना वाटून द्या. सोमवार ते बुधवार आम्ही, गुरुवार ते शनिवार ते. साहेब म्हणाले, असं नियमात नाही. मी म्हणाले, असं चालत नाही हेही नियमात कुठं लिहिलेलं नाही. ते हसले आणि ऑर्डर काढली. सहावी-सातवी हलवायचा विषय त्या वर्षापुरता बाजूला पडला.

अतिथी शिक्षिका म्हणून आल्या मेघा मॅडम. कलघटगीच्याच, बी.एससी. बी.एड. मुलगी, वय पंचविशीच्या आत. पहिल्याच दिवशी सातवीला तिसरीचे पाढे म्हणायला लावले. मुलांना लाज वाटली, पण म्हटले. पहिले तीन महिने मानधन आलं नाही, तरी ती येत राहिली. स्कूटीच्या पेट्रोलचे पैसे बाप द्यायचा.

उरलेले तीन दिवस रिकामे होते. एका गुरुवारी मी न सांगता गेले, तर घोरपडे सर सहावी-सातवीच्या खोलीत फळ्याशी उभे. सदऱ्याला खडू लागलेला. ऑनलाइन एन्ट्री त्यांनी पहिलीच्या बाईंकडं दिली होती आणि तांदूळ मोजायला स्वयंपाकिणीच्या नवऱ्याला बसवलं होतं. मला बघून ते थांबले नाहीत. अर्जात मी सगळं माझ्या अंगावर घेतलं, त्याबद्दल ते माझ्याशी तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. मला आधी त्याचं वाईट वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. माफी मागणारे मला नोकरीत पुष्कळ भेटले, रोज तासभर भागाकार शिकवणारे हेडमास्तर कमी.

वर्षाच्या शेवटी पुन्हा टेस्ट. आदल्या आठवड्यात सरांनी मला वऱ्हांड्यात गाठलं. इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू? या वेळी आकडा थोडा कमी दाखवू या काय?"

"कमी?"

"चांगला दाखवला तर पुढच्या साली मेघा मॅडमना काढून नेतील की हो."

मला हसू आवरेना. आयुष्यभर आकडा वर ढकलणारा माणूस पहिल्यांदा खाली ओढायला निघाला होता, आणि तेही मुलांच्या भल्यासाठी. त्यांचं चुकतही नव्हतं. "नको सर," मी म्हणाले. "एकदा हात पोळलाय." ते मान हलवून गेले.

टेस्टमध्ये एकोणीसपैकी चौदा. खरे. रेणुकाला दहातले आठ आले. सातवीच्या सातही मुली कलघटगीच्या हायस्कूलला आठवीत गेल्या. बसपर्यंत त्यांना सोडायला दोन-दोन बाप आळीपाळीनं चालत जायचे. घोरपडे सर मे महिन्यात रिटायर झाले, पेन्शन वेळेवर सुरू झाली.

आणि जूनमध्ये साहेबांचा फोन आला. "अभिनंदन मॅडम. तुमची शाळा मागं पडलेल्यांच्या यादीतून बाहेर आली. अतिथी शिक्षिका आता पूर्ण आठवडा डोंगराकडच्या शाळेला देतो."

खरं बोललं की एकदाच नुकसान होतं म्हणतात. शिक्षण खात्यात ते दरवर्षी होऊ शकतं.

गावात जाऊन सांगणं भाग होतं. परशुरामअण्णा शिव्या देतील, अशी तयारी करूनच गेले. ते दारात खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"चौदांना येतंय म्हणालासा. त्यातले अकरा तर सातवीतनं गेले की," अण्णा म्हणाले. "खालनं सहावीत आलेले किती?"

"नऊ."

"त्यातल्या कितींना येतंय?"

"दोघांना."

"मग सात जणांचं काय?"

मागच्या वर्षी हा माणूस मला बोर्डाचं विचारत होता. मी त्यांना त्या सात मुलांची नावं कागदावर लिहून दिली, बापाच्या नावासकट. असं करायची पद्धत नाही. आकडे ऑफिसला जातात, गावाला ग्रेड कळते. मी तेवीस वर्षं तेच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा पुन्हा फोन. मागं गलका ऐकू येत होता.

"मॅडम, माझ्या ऑफिसात तुमच्या गावचे पंधरा-वीस लोक बसलेत. बायका पण आहेत. एक मिशीवाला म्हातारा मला भागाकार करून दाखवतोय. ह्यांना आकडे कुणी सांगितले?"

"मी सांगितले साहेब."

"का?"

"त्यांचीच मुलं आहेत."

मग साहेब म्हणाले, "खुर्च्या पुरेनात मला," आणि फोन ठेवला.

दुपारी ऑर्डर निघाली. मेघा मॅडम सोमवार ते बुधवार तिथंच, पहिल्यासारख्या. त्याच्या पुढच्या वर्षी गावानं पुन्हा जाऊन बसून कायमचा शिक्षक मागून घेतला. तेव्हा मी त्या क्लस्टरला नव्हते, मला कुणी विचारलंही नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

माझ्या नोकरीत मी आकडे कायम वर पाठवत राहिले. ते खालीही सांगायचे असतात हे कळलं, तेव्हा रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलं होतं.